बेबाकी दाखल्यावर तोच नंबर लिहा

प्रति,
पुणे शहर व जिल्ह्यातील बँका, सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्ज विभागांचे प्रमुख,
तसेच क्रेडिट माहिती कंपन्यांचे तक्रार निवारण अधिकारी यांस

विषय: क्रेडिट रिपोर्टवरचे क्रमांक आणि ते न जुळल्यामुळे अडलेली माणसं

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात मी २९ वर्षं नोकरी केली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ओळखीतली माणसं अजून कागद घेऊन घरी येतात. पूर्वी जामीनदाराचे कागद असायचे, आता मोबाइलवर उघडलेला क्रेडिट रिपोर्ट असतो, म्हणजे माणसाने आजवर घेतलेल्या कर्जांचा आणि परतफेडीचा अहवाल. तो सिबिलसारख्या क्रेडिट माहिती कंपन्या तयार करतात. बहुतेकांना स्कोअर समजतो. ३०० ते ९०० मध्ये आपण कुठे आहोत हे कळायला फार शिकावं लागत नाही. माणसं अडतात ती त्याच्या खाली छापलेल्या क्रमांकांपाशी. हे पत्र त्या क्रमांकांबद्दल आहे, आणि त्यातही कर्जाच्या खाते क्रमांकाबद्दल जास्त.

माझा भाचा चाकणला कारखान्यात कामाला आहे. त्याने धायरीला एक वन बीएचके बघितला, टोकन दिलं आणि गृहकर्जासाठी अर्ज केला. पगार व्यवस्थित, नोकरी आठ वर्षांची, तरी अर्ज नामंजूर झाला. बँकेतल्या साहेबांनी तोंडी एवढंच सांगितलं, "टू-व्हीलरचं काहीतरी थकलेलं दिसतंय, ते आधी क्लिअर करून या." कुठल्या कंपनीचं, कुठलं खातं, हे ते सांगू शकले नाहीत. यात त्यांचा दोष नव्हता. कर्ज देणाऱ्याकडे जी प्रत जाते तिच्यात इतर बँकांची नावं आणि खाते क्रमांक झाकलेले असतात. ते पूर्ण दिसतात फक्त ग्राहकाने स्वतः काढलेल्या प्रतीत. हे त्या टेबलावरून कुणीतरी भाच्याला सांगायला हवं होतं. २०१७ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीला वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यावा लागतो, हेही सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, म्हणून पहिले पंधरा दिवस तर नुसते अंदाज बांधण्यात गेले.

मग रिपोर्ट काढला. त्यात २०१३ चं दुचाकी कर्ज 'चालू' दाखवलं होतं आणि थकबाकी होती १,१४८ रुपये. हे कर्ज त्याने २०१६ मध्येच फेडलं होतं. बेबाकी दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा दाखला, ज्याला आता सगळे एनओसी म्हणतात, तो त्याच्या फाइलमध्ये प्लॅस्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला होता. संगम पुलाजवळच्या आरटीओत फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी पुस्तकावरचा, कर्जाचा बोजाही त्याच वर्षी उतरवला होता. तो म्हणाला, "मावशी, एवढा पुरावा आहे, उद्याच काम होईल."

दाखल्यावरचा कर्ज क्रमांक नऊ आकडी होता. रिपोर्टवरचा सोळा आकडी, आणि सुरुवातीला अक्षरं. आम्ही दोघं त्या कंपनीच्या पुण्यातल्या शाखेत गेलो. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हे एकट्या तिच्याकडे घडतं असं मला म्हणायचं नाही. काउंटरवरच्या मुलीने रिपोर्टवरचा क्रमांक टाकला आणि म्हणाली, "काकू, हा नंबर आमच्या सिस्टीमला दिसतच नाही." दाखल्यावरचा टाकला तर, "हे खातं २०१६ लाच बंद आहे, यात काहीच बाकी नाही." म्हणजे शाखेच्या लेखी तक्रारीला जागाच नव्हती. क्रेडिट माहिती कंपनीकडे ऑनलाइन तक्रार केली तर काही दिवसांनी उत्तर आलं की कर्ज देणाऱ्या संस्थेने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे. शाखा म्हणते असा क्रमांक नाही. त्याच कंपनीचं मुख्यालय म्हणतं तो क्रमांक बरोबर आहे. या दोन उत्तरांच्या मध्ये भाचा चार महिने उभा राहिला.

उलगडा झाला तो एका जुन्या अधिकाऱ्यामुळे. ते दुसऱ्या शाखेत होते, ओळखीने भेट झाली. त्यांनी दोन्ही क्रमांक बाजूला ठेवले आणि गाडीचा चेसिस नंबर मागितला. तो आरसीवर होता, फॉर्म ३५ वर होता आणि त्यांच्या कर्जाच्या नोंदीतही होता. चेसिस नंबर टाकल्यावर दोन्ही खाती एकाखाली एक उघडली. मधल्या काळात कंपनीने संगणक प्रणाली बदलली होती. तेव्हा प्रत्येक जुन्या क्रमांकापुढे शाखेचा आणि कर्जप्रकाराचा संकेत लावून नवा क्रमांक तयार केला गेला. २०१६ मध्ये खातं बंद करताना चेक परत गेल्याचे जुने आकार माफ केले गेले, पण त्या माफीची नोंद पडायची राहिली. १,१४८ रुपये शिल्लक दिसत असल्याने ते खातं 'चालू' म्हणून नव्या प्रणालीत आलं, आणि तिथून क्रेडिट माहिती कंपन्यांकडे जात राहिलं. शाखेच्या पडद्यावर जुनं खातं बंद, मुख्यालयाच्या फाइलमध्ये नवं खातं चालू, आणि ती दोन्ही एकच आहेत हे सांगणारी ओळ कुठेही नाही. शेवटी रिपोर्ट दुरुस्त झाला. धायरीचा फ्लॅट मात्र तोवर दुसऱ्याला गेला होता.

मी कर्ज विभागात लागले तेव्हा आमच्याकडे जाड खतावण्या होत्या. कर्जदाराचं नाव, खतावणी क्रमांक आणि खातेपान हे पासबुकावर, हप्त्याच्या पावतीवर, जामीनदाराच्या पत्रावर आणि शेवटी बेबाकी दाखल्यावर एकाच हाताने लिहिलं जायचं. खतावणी संपून नवी सुरू झाली की जुन्या पानावर तळाशी लाल शाईने 'पुढे खतावणी अमुक, पान अमुक' आणि नव्या पानावर वर 'मागील पान अमुक' लिहायचो. दोन्हीकडे लिहिल्याशिवाय हेडक्लार्क सही करत नसत. तेव्हाच्या सगळ्याच पद्धती चांगल्या होत्या असं मी म्हणत नाही, बेरजेच्या चुका शोधण्यात आमच्या रात्री गेल्या आहेत. पण क्रमांक बदलला तर मागचा आणि पुढचा दोन्ही लिहायचा, ही शिस्त तेव्हा होती. कारण क्रमांक आमच्यापेक्षा कर्जदाराच्या जास्त उपयोगाचा असतो. आमच्याकडे सगळी खतावणी असते, त्याच्याकडे तेवढाच एक आकडा.

आता रिपोर्टवरच्या क्रमांकांकडे येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो. रिपोर्टच्या वरच्या भागात छापलेला असतो तो त्या रिपोर्टचा क्रमांक. सिबिलच्या रिपोर्टवर त्याला कंट्रोल नंबर म्हणतात, एक्सपेरियन त्याला ईआरएन म्हणतं, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्कच्या रिपोर्टवर आणखी वेगळं नाव असतं. हा क्रमांक माणसाचा नाही आणि कर्जाचाही नाही. त्या दिवशी, त्या वेळी काढलेल्या त्या एका प्रतीचा आहे. पुढच्या महिन्यात नवा रिपोर्ट काढला की तो बदलतो. क्रेडिट माहिती कंपनीकडे तक्रार करताना तो लागतो, कारण तुम्ही नेमक्या कुठल्या प्रतीबद्दल बोलताय हे त्यावरून कळतं. बँकेला मात्र त्याचा काही उपयोग नाही. आमच्या सोसायटीत राहणाऱ्या एका रिक्षावाल्या भावाने बँकेला तीन अर्ज दिले, तिन्हींत हाच क्रमांक 'कर्ज क्रमांक' म्हणून लिहिला होता. तिन्ही अर्ज 'खाते सापडत नाही' या एका ओळीने परत आले. तुम्हाला कर्ज क्रमांक हवाय, हा रिपोर्टचा क्रमांक आहे, एवढं एक वाक्य त्यांना कुणी लिहून दिलं नाही.

दुसरा क्रमांक प्रत्येक कर्जाच्या चौकटीत असतो, तो खाते क्रमांक. सगळ्यात महत्त्वाचा हाच, आणि सगळ्यात जास्त बदलणाराही हाच. सोनेतारण दरवर्षी नवं केलं की नवा क्रमांक. दिवाळीत हप्त्यावर फ्रिज घेतला आणि पुढच्या वर्षी त्याच कार्डावर मोबाइल घेतला की दोन वेगळी कर्जं, दोन वेगळे क्रमांक, जरी ग्राहकाच्या खिशात कार्ड एकच असलं तरी. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला, म्हणजे थकलेली कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलं गेलं की तिचा वेगळा क्रमांक. बँका एकत्र झाल्या की वेगळा. २०१९ आणि २०२० मध्ये किती सरकारी बँका विलीन झाल्या ते आपण सर्वांनी पाहिलं. ग्राहकाला नवा आयएफएससी कोड कळवणारे संदेश आले, पासबुकं बदलून मिळाली. पण विलीनीकरणाच्या दहा वर्षं आधी फेडलेल्या कर्जाला आता रिपोर्टवर कुठला क्रमांक लागला आहे, असं पत्र आलेला माणूस मला अजून भेटलेला नाही.

मोबाइलवरच्या ॲपमधून घेतलेल्या कर्जाचा आणखी वेगळा प्रश्न आहे. ॲपचं नाव एक, आणि पैसे देणारी फायनान्स कंपनी दुसरीच. रिपोर्टवर त्या कंपनीचं नाव येतं, आणि कोथरूडची एखादी पोरगी घाबरून म्हणते, "मावशी, मी या कंपनीकडून कधीच कर्ज घेतलेलं नाही." कधी ते खरंच फसवणुकीचं असतं, कधी सहा महिन्यांपूर्वी हप्त्यावर घेतलेल्या लॅपटॉपचंच असतं. ओळखायचा उपाय एकच, कर्जाच्या कागदावरचा क्रमांक आणि रिपोर्टवरचा क्रमांक ताडून बघायचा. इथे मला एक गोष्ट आपल्या लक्षात आणून द्यायची आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्व किरकोळ कर्जांना मुख्य तथ्य विवरण, म्हणजे कर्जाच्या खर्चाचा आणि अटींचा थोडक्यात कागद, द्यावं लागतं आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावं लागतं. हा चांगला नियम आहे. पण त्या नमुन्यात पहिल्याच ओळीत 'कर्ज प्रस्ताव किंवा खाते क्रमांक' असं आहे. कर्ज मंजूर होण्याआधी हे विवरण दिलं जातं, तेव्हा खातं उघडलेलंच नसतं, म्हणून तिथे प्रस्तावाचा क्रमांक पडतो. रिपोर्टवर मात्र खात्याचा क्रमांक येतो. कर्जदाराने तो कागद जपून ठेवला तरी तो ताडून बघायच्या कामी येत नाही.

रिपोर्टमध्ये दुसऱ्याचं कर्ज घुसणं हेही पुण्याला नवीन नाही. एका पेठेत एकाच नावाच्या तीन-चार बायका सहज निघतील. लग्नानंतर नाव बदललेलं, मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं आलेलं, बँकेत माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. जुन्या कर्जांच्या नोंदीत पॅन नसेल तर नाव, जन्मतारीख आणि पत्ता यांवरून जुळणी होते, आणि कधीतरी चुकते. अशा वेळी 'हे माझं नाही' एवढं म्हणून भागत नाही. कुठलं माझं नाही ते खाते क्रमांकानेच सांगावं लागतं, आणि ज्या बाईचा त्या कर्जाशी काडीचा संबंध नाही तिला त्या क्रमांकाचा मागमूस लागणार तरी कुठून?

तिसरा क्रमांक तक्रारीचा. तो रिपोर्टवर नसतो, तक्रार केल्यावर मिळतो, किंवा मिळायला हवा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, जे २६ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यायची असते. कर्ज देणाऱ्या संस्थेने २१ दिवसांत सुधारित माहिती पाठवली नाही तर भरपाई तिने द्यायची, तिने वेळेत पाठवूनही क्रेडिट माहिती कंपनीने उशीर केला तर त्या कंपनीने. म्हणजे तक्रार कुठल्या तारखेला, कुठल्या क्रमांकाने नोंदली गेली यावर सगळा हिशोब उभा आहे. आणि शाखांमध्ये मी काय बघते? "अर्ज ठेवून जा, बघतो आम्ही." ना शिक्का, ना पोचपावती, ना क्रमांक. भाच्याच्या पहिल्या दोन्ही अर्जांचं हेच झालं. त्यामुळे त्याचे चार महिने कागदावर फक्त सहा आठवडे निघाले.

बँक आणि क्रेडिट माहिती कंपनी दोघांकडून ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. क्रेडिट माहिती कंपन्याही १ सप्टेंबर २०२२ पासून लोकपाल योजनेत आल्या आहेत. १४४४८ वर फोन करून माहितीही मिळते. पण तिथेही पहिला प्रश्न असतो, आधीच्या तक्रारीचा क्रमांक काय? तो नसलेल्या माणसाला पुन्हा पहिल्या पायरीवर यावं लागतं.

हे सगळं माहीत नसल्याचा फायदा दुसरेच घेतात. 'सिबिल क्लिअर करून मिळेल' अशा पाट्या विजेच्या खांबांवर तुम्हीही वाचल्या असतील. माझ्याकडे आलेल्या एका भाजीवाल्या ताईंनी अशा माणसाला नऊ हजार रुपये दिले होते, वर पॅन, आधार आणि पूर्ण रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्याने केलं काय, तर फुकट होणारी ऑनलाइन तक्रार त्यांच्या नावाने भरली, तीही चुकीचा क्रमांक घालून. क्रेडिट माहिती कंपनी स्वतःच्या मनाने कुणाची नोंद बदलू शकत नाही, कर्ज देणाऱ्या संस्थेने मान्य केल्यावरच बदलते. ही एक ओळ तुमच्या शाखेच्या फलकावर मराठीत लावली असती तर त्या नऊ हजारांचा माल त्यांच्या गाडीवर आला असता.

आता माझं मागणं. मुख्य एकच आहे, आणि त्याला नवा कायदा लागत नाही. बेबाकी दाखल्यावर तोच खाते क्रमांक छापा जो तुम्ही क्रेडिट माहिती कंपन्यांना पाठवता. कर्जाच्या काळात क्रमांक बदलला असेल तर जुना आणि नवा दोन्ही छापा. वाहनकर्ज असेल तर चेसिस नंबरही घाला, कारण भाच्याच्या प्रकरणात शेवटी तोच उपयोगी पडला. दाखला दिल्यानंतर प्रणाली बदलली किंवा विलीनीकरण झालं, तर ज्यांची बंद खाती अजून रिपोर्टवर जातात त्यांना नव्या क्रमांकाचा एक एसएमएस पाठवा. हप्ता एक दिवस चुकला तर तुमचे पाच एसएमएस येतात, म्हणजे माणसाचा फोन नंबर तुमच्याकडे आहे.

यात तांत्रिक अडचण आहे असं मला कुणी सांगू नये. क्रेडिट माहितीच्या नमुन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या आदित्य पुरी समितीने २०१४ मध्ये अहवाल दिला, त्यानंतर माहिती पाठवण्याचा एकसारखा नमुना ठरला, आणि त्या नमुन्यात जुन्या खाते क्रमांकासाठी स्वतंत्र रकाना आहे. क्रमांक बदलताना तो रकाना भरला तर क्रेडिट माहिती कंपनीला कळतं की हे तेच कर्ज आहे. रिकामा सोडला तर तिच्या दृष्टीने एक कर्ज अचानक गप्प झालं आणि दुसरं नवं उगवलं. आता १ जानेवारी २०२५ पासून तुम्ही किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवता. म्हणजे न भरलेला एक रकाना वर्षातून निदान चोवीस वेळा जातो, आणि २०१५ पासून प्रत्येक संस्था चारही कंपन्यांची सभासद असल्याने चारही ठिकाणी जातो.

क्रेडिट माहिती कंपन्यांना माझी विनंती आहे की संस्थेने जुना क्रमांक कळवला असेल तर तो ग्राहकाच्या प्रतीत त्या कर्जाच्या चौकटीतच छापा. आणि रिपोर्टच्या क्रमांकाला चौघांनी मिळून एकच नाव द्या, मराठीत 'अहवाल क्रमांक' म्हटलं तरी कुणालाही समजेल. त्याच्या खाली लिहा की हा कर्जाचा क्रमांक नाही.

तक्रारीची पोच देताना तारीख आणि क्रमांक दोन्ही लिहून द्या, अर्ज हाताने दिला असला तरी. शाखेला तो क्रमांक तयार करता येत नसेल तर मुख्यालयाकडून त्याच दिवशी मागवून घ्या.

घराची मूळ कागदपत्रं कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत परत केली नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये द्यावे लागतात, हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागला. तेव्हापासून कागदपत्रं किती वेळेवर मिळतात हे मी आजूबाजूला बघते आहे. क्रेडिट रिपोर्टच्या चुकीला दिवसाला १०० रुपये आहेत, म्हणून ती चूक पन्नास पट लहान ठरत नाही. भाच्याचं घर कागदपत्रं हरवल्यामुळे गेलं नाही, ते एका न जुळलेल्या आकड्यामुळे गेलं.

बेबाकी दाखल्यासाठी मी सुचवते ती ओळ अशी: 'सदर कर्ज खाते क्रमांक (क्रेडिट माहिती कंपन्यांना कळवलेला) ........, पूर्वीचा क्रमांक ........, दिनांक ........ रोजी पूर्ण फेडून बंद झाले असून बाकी शून्य आहे व तशी नोंद दिनांक ........ च्या पंधरवड्यात चारही कंपन्यांना पाठवली आहे.' ज्या शाखेला ही ओळ आपल्या नमुन्यात बसवताना अडचण येईल, तिथे येऊन बसायला आणि जुनी खाती जुळवायला मी तयार आहे. त्या कामाचे पैसे घेणार नाही.

कळावे,

आपली,
कर्ज विभागातील एक निवृत्त कर्मचारी
कर्वेनगर, पुणे